पहिलीतलं मूल आणि घरातली भाषा

(परळ येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आया पुढच्या रांगेत आणि बाबा लोक मागे, दरवाज्याजवळ. पालकसभेत मी हे कायम बघत आले आहे. पुढच्या वेळी उलटं बसू या.

प्राथमिकच्या वर्गांवर माझी नोकरी गेली. त्यातली एक चूक आधी सांगते, माझीच. दुसरीतला एक मुलगा. घर रत्नागिरीकडचं, घरात कोकणी मुसलमानांची बोली, शाळा इंग्रजी, ट्यूशन हिंदीत. 'सिक्स्टी टू' म्हटलं की तो बरोबर ६२ लिहायचा. दादीने घरी 'बासष्ट' म्हटलं की लिहायचा २६. बापाने दोन वेळा कानाखाली वाजवली होती. मी वहीत शेरा मारला, 'लक्ष नाही'.

पुढे कधीतरी मीच तो शब्द हळू उच्चारून पाहिला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'बासष्ट' म्हणताना आपण आधी दोन म्हणतो, मग साठ. पोरगं कानावर पडलं त्याच क्रमाने लिहीत होतं, आधी २, मग ६. वर्गात सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा तोच होता! मराठीत, हिंदीत, उर्दूत एकक आधी बोलतात. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी. लिहिताना मात्र सगळीकडेच दशक आधी. सहा-सात वर्षांच्या मुलाने हे सगळं न सांगता समजून घ्यायचं, आणि चुकलं तर मार खायचा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी चेष्टा झाली ते आठवत असेल. 'बासष्ट' सोडून द्यावं असं मलाही वाटत नाही. पण मुलांची अडचण खरी आहे, हे चेष्टा करणाऱ्यांनी पाहिलंच नाही. उपाय सोपा आहे. आगपेटीच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या सहा जुड्या बांधा, दोन सुट्या ठेवा. "हे साठ, हे दोन. साठ आणि दोन, बासष्ट." रोज पाच मिनिटं, आठवडाभर. दादीच हे करू शकते, त्याला ट्यूशन लागत नाही.

इथून जवळच, दादरच्या हिंदू कॉलनीत, ताराबाई मोडकांनी १९३६ साली शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षणाची साधनं तेव्हा महाग होती. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथे त्यांनी शिंपले, बिया, खडे यांवर मुलांना शिकवलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला अंगण नाही, पण कांदे-बटाटे वेगळे करणं, चवळी निवडणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं एवढं तर होतं. चपातीचा अर्धा, पाव हेच अपूर्णांक. लालबागच्या मिरची गल्लीत मुलाला घेऊन जा, मसाल्यांची नावं विचारत चला. बेस्टच्या पाटीवरचा मराठी आकडा त्याला वाचायला लावा. इंग्रजी शाळेतल्या कितीतरी मुलांना तो येत नाही.

आता आयांची भीती. "मॅडम, मला इंग्लिश येत नाही, मी काय शिकवणार?" अशाच एका घराला कुणीतरी सल्ला दिला, घरातली बोली बंद करा, मुलीशी इंग्रजीतच बोला. आईला येत होती पंधरा-वीस वाक्यं. 'कम', 'सिट', 'ईट फास्ट'. ज्या घरात दिवसभर गप्पा, भांडणं, गोष्टी चालायच्या, तिथे नुसते हुकूम उरले. मुलगी शाळेत बोलत नव्हतीच, घरीही गप्प झाली. मी आईला म्हटलं, आधी तुमची बोली परत सुरू करा. घरी ती महिन्याभरात बोलायला लागली. वर्गात तोंड उघडायला मात्र दुसरीचं अर्धं वर्ष गेलं, आणि तेवढा काळ तिला कुणी 'मंद' म्हणू नये म्हणून मला भांडावं लागलं.

दिवसभरात काय झालं हे मूल आपल्या भाषेत आधी-नंतर लावून सांगू लागलं, तर उद्या इंग्रजीत लिहायला त्याच्याकडे काहीतरी असेल. मात्र "आज काय शिकवलं?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, "काही नाही." "डबा कुणाबरोबर खाल्लास? बाई कुणावर ओरडल्या?" असं विचारा. आणि तो सांगत असताना मोबाइल उलटा करून ठेवा. हे बाबांसाठी.

आगपेट्या मी आणल्या आहेत. ज्यांची मुलं बरोबर आहेत, त्यांनी पुढे या, जुड्या बांधायला बसू. बाबा आधी.