आत्याचं लाइटबिल



आज आम्ही लाइटबिलाबद्दल बोलणार आहोत. विषय थोडा रुक्ष आहे. पण मागच्या खेपेला वर्ग सुटल्यावर तिघा-चौघांनी आम्हाला बिलं दाखवली आणि विचारलं, "एवढं कसं आलं हो?" तेव्हा अंधार पडला होता आणि आमची एसटी सुटायची होती. उत्तर अर्धंच राहिलं. ते आज पुरं करू.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आमची आत्या पाटण तालुक्यात राहते. मामंजी वारले, मुलगा मुंबईला. घरात ती एकटीच. तीन दिवे, एक पंखा, एक टीव्ही आणि मुलाने आणून दिलेला जुना फ्रिज, एवढाच तिचा विजेचा संसार. बिल महिन्याला साडेसहाशेच्या आसपास येई. पंधरवड्यात ती ते भरून टाकी. थकबाकी कधी नाही.

२०२४ सालची दिवाळी झाली आणि तिच्या हातात बिल पडलं. पाच हजार दोनशे रुपयांचं!

आत्याला आकडे वाचता येतात. तिने तीनदा वाचून पाहिला. मग शेजारच्या पोराकडून वाचून घेतला. आकडा तोच. रात्रभर तिला झोप नाही. सकाळी तिने आम्हाला फोन केला, "अरे बाळा, शेळी विकायला काढलीय. गिऱ्हाईक दुपारी येतंय. तेवढ्यात तुला विचारावं म्हटलं."

आम्ही म्हणालो, "आत्या, गिऱ्हाइकाला सांग, उद्या ये. मी निघालोच."

पोचलो तर ओटीवर चार माणसं जमलेली. जो तो सल्ला देत होता. एक म्हणाला, मीटरच पळतोय. दुसरा म्हणाला, सरकारने दर वाढवले. तिसऱ्याने आत्याला हळूच सांगितलं होतं, "पाचशे रुपये द्या, मीटर हळू करून देतो." हा तिसरा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्या नादी लागू नका. मीटरला हात लावणं हा गुन्हा आहे. त्यात सापडतो तो घरमालक. पाचशे घेणारा कधीच सापडत नाही.

आत्या म्हणाली, "कोयनेचं धरण आमच्या उशाला, अन् लाइट आम्हालाच महाग!"

तिचं दुःख आम्हाला कळतं. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. त्यासाठी या खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पण धरण जवळ म्हणून बिल कमी, असा हिशेब नाही. सगळी वीज एका मोठ्या जाळ्यात जाते आणि राज्यभर वाटली जाते. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. खिडकीत बसलेला कारकून ठरवत नाही. म्हणून दरासाठी त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. हिशेब चुकला असेल तर मात्र त्याच्याकडेच जायचं.

आम्ही बिल हातात घेतलं. रुपयांकडे पाहिलंच नाही. आधी दोन आकडे शोधले. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. मागील ३५१२, चालू ३९९२. वजाबाकी केली. ४८० युनिट.

आता युनिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज जळते. दहा वॉटचा दिवा शंभर तास चालला, तरी एकच युनिट. मीटरवर के-डब्ल्यू-एच अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसतात, तो युनिटचाच आकडा. दूध लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने.

आत्याचा खप महिन्याला पंचाहत्तर युनिटच्या आसपास. मग ४८० कुठून आले? आम्ही तिची जुनी बिलं मागितली. बाईने सगळी बिलं गाडग्यात नीट घालून ठेवली होती. त्यामुळेच पुढचं काम झालं, हे आम्ही मुद्दाम सांगतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही बिलांवर ७५ युनिट. पाऊण शतक, दर महिन्याला अगदी नेमकं! असं खरंखुरं रीडिंग कधी येत नाही. नीट पाहिलं तर तिन्ही बिलांवर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग एकच होतं, ३५१२.

आम्ही विचारलं, "आत्या, रीडिंग घ्यायला माणूस येतो तेव्हा तू कुठे असतेस?"

"शेतावर. दुसरं कुठे? भातलावणी, मग बेणणी. पडवीला कुलूप असतं."

आणि मीटर पडवीच्या आत! माणूस यायचा, कुलूप बघून परत जायचा. मीटर दिसला नाही की कंपनी मागच्या खपावरून अंदाजाने बिल पाठवते. त्याला सरासरी बिल म्हणतात. ते बिल खरं नसतं. तो नुसता अंदाज असतो. ऑक्टोबरात भात कापणीला यायचं होतं, आत्या त्या दिवशी घरी होती. माणसाने मीटर पाहिला आणि खरा आकडा लिहून नेला. जूनपासून चार महिन्यांत जळलेली सगळी वीज त्या एका बिलात आली.

ओटीवरचा एक जण म्हणाला, "मग काय बिघडलं? जळली ती जळली. आज द्या नाहीतर उद्या द्या."

इथेच खरी गोम आहे, मंडळी. जरा लक्ष देऊन ऐका.

विजेचा दर सरसकट नसतो. त्याला पायऱ्या असतात. घरगुती विजेच्या पायऱ्या आमच्याकडे अशा आहेत. महिन्याला पहिले १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० महाग. ३०१ ते ५०० आणखी महाग. ५०० च्या पुढे सर्वांत महाग. २०२४-२५ साली पहिल्या पायरीचा दर युनिटला ४ रुपये ७१ पैसे होता. दुसरीचा १० रुपये २९ पैसे. तिसरीचा १४ रुपये ५५ पैसे. हे त्या सालचे दर. दर बदलतात, म्हणून आजचे दर कचेरीत विचारून घ्या. पायऱ्यांची रीत तेवढी ध्यानात ठेवा.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो. १०१ युनिट झाले की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो, असं ते समजतात. तसं नाही. पहिले शंभर स्वस्तच राहतात. वरच्या एकाच युनिटाला वरचा दर.

आता आत्याचे ४८० युनिट घ्या. ते एका महिन्याचे धरले तर काय होतं? पहिल्या शंभराचे ४७१ रुपये. पुढच्या दोनशेंचे २०५८. उरलेल्या १८० चे २६१९. एकूण ५१४८ रुपये.

पण ते एका महिन्याचे नव्हतेच! चार महिन्यांचे होते. चार महिन्यांत वाटले तर महिन्याला १२० येतात. शंभराचे ४७१ रुपये, वरच्या वीस युनिटांचे २०५ रुपये ८० पैसे. महिन्याचे झाले ६७६ रुपये ८० पैसे. चार महिन्यांचे २७०७ रुपये २० पैसे.

वीज तितकीच. मीटर तोच. पण एका रीतीने ५१४८ आणि दुसऱ्या रीतीने २७०७. चार माणसांनी चार खेपांत न्यायचं ओझं एकाच्याच डोक्यावर दिलं, तसा हा प्रकार. आत्याच्या बिलात आधी भरलेले पैसे वजा केले होते, ते ठीक होतं. पण पायऱ्या मात्र एकाच महिन्याच्या लावल्या होत्या.

बिलात आणखीही रकमा असतात. स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा की न वापरा, जोडणी ठेवल्याबद्दल. वहन आकार, म्हणजे तारा-खांबांवरून वीज घरापर्यंत आणल्याबद्दल. इंधन समायोजन, म्हणजे कोळसा महागला-स्वस्तला त्याचा फरक. त्यावर सरकारचं वीज शुल्क, घरगुती बिलाला शेकडा सोळा. या रकमांवर फार वेळ घालवू नका. चूक झाली तर बहुतेक युनिटांत किंवा महिन्यांत असते.

आम्ही आत्याला घेऊन कचेरीत गेलो. अर्ज साधाच लिहिला. ग्राहक क्रमांक, चारही बिलांच्या नकला, मीटरचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि एकच मागणी. हे ४८० युनिट चार महिन्यांत वाटून बिल दुरुस्त करावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. शिक्का न घेता अर्ज देऊन येऊ नका, मग तो साहेबांच्या हातात का दिलेला असेना.

पहिल्या दिवशी खिडकीतल्या माणसाने बिल पाहून सांगितलं, "रीडिंग बरोबर आहे. भरावं लागेल." आत्या उठायला लागली. आम्ही म्हणालो, "रीडिंग बरोबरच आहे, साहेब. महिने चुकलेत." त्याने पुन्हा पाहिलं. "चार दिवसांनी या," म्हणाला. चार दिवसांनी गेलो तर वरचा साहेब रजेवर. आणखी एक हेलपाटा झाला. पण तिसऱ्या खेपेला बिल दुरुस्त होऊन मिळालं. सुमारे दोन हजार चारशे रुपये.

तिथेही ऐकलं नसतं तर वाट होती. ग्राहक तक्रार निवारण मंच असतो, त्याच्याही वर विद्युत लोकपाल. आत्याला तिथवर जावं लागलं नाही.

एक मात्र तिने पहिल्यापासून विचारलं होतं. "तोवर लाइट कापली तर?" म्हणून सांगतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने पैसे भरता येतात. तेवढे भरले की वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. मोबाईलवर निरोप येतो, "आज रात्री वीज बंद होईल, या नंबरावर फोन करा." तो चोराचा निरोप समजा. फोन करू नका, पैसे पाठवू नका. कचेरीत जाऊन विचारा.

आता उरली आत्याची स्वतःची गोष्ट. खप पंचाहत्तरचा १२० कसा झाला? ही चूक तर कंपनीची नव्हती.

आम्ही घरातली सगळी बटणं बंद केली आणि तिला मीटरपुढे उभं केलं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. वीज जास्त जळेल तितका तो भराभर लुकलुकतो. सगळं बंद असताना तो थांबला. म्हणजे वीज कुठे गळत नव्हती, कोणी चोरून घेत नव्हतं. मग एकेक वस्तू लावली. दिवा लावला, लाल ठिपका मधूनच एकदा चमकला. पंखा लावला, जरा वाढला. फ्रिज लावला, आणखी वाढला. मग आम्ही विचारलं, "आणखी काय आहे?"

आत्या जरा घुटमळली. मग न्हाणीतून पाणी तापवायची कांडी घेऊन आली. बादलीत सोडायची असते ती. "पावसात लाकडं ओली असतात रे. चूल पेटता पेटत नाही. पोराने मेमध्ये आणून दिली."

कांडी पाण्यात सोडून बटण दाबलं आणि लाल दिवा असा धावायला लागला, की आत्याच म्हणाली, "अगं बाई! बंद कर, बंद कर!"

कांडी दीड हजार वॉटची. रोज तासभर म्हणजे रोज दीड युनिट. महिन्याला पंचेचाळीस. पंचाहत्तर आणि पंचेचाळीस, १२०. हिशेब तंतोतंत जुळला. त्यातले वीस युनिट शंभराच्या पायरीवर चढले म्हणून महाग पडले. वहन आकार आणि शुल्क धरून कांडीचा खर्च महिन्याला सव्वाचारशेच्या वर जात होता. (जाता जाता सांगतो. कांडी चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नका. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग पाणी पाहायचं. लहान मूल जवळ असेल तर कांडी लावूच नका.)

आम्ही आत्याला कांडी वापरू नको म्हटलं नाही. सत्तरीच्या बाईने पावसाळ्यात गार पाण्याने अंघोळ करावी, असं कोण म्हणेल? पण तिनेच ठरवलं. आता अर्धी बादली, वीस मिनिटं, आणि घड्याळ समोर. यंदा मेमध्ये दोन भारे लाकूड माळ्यावर चढवलं. मीटरही पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर आणायला अर्ज केला. तो बाहेर आला आहे. आता कुलूप असलं तरी माणसाला आकडा दिसतो.

शेळी अजून दावणीला आहे. दोन पाटं झाली तिला.

आत्या दर एक तारखेला मीटर पाहते आणि दाराआड खडूने आकडा लिहिते. बिल आलं की आधी दारापाशी जाते. आम्ही गेलो की ते दार दाखवते. आम्ही वजाबाकी तपासायची, असा तिचा नेम आहे. मागच्या महिन्यात आमचीच वजाबाकी चुकली, तर अख्ख्या आळीला सांगत सुटली.

बरं. तुम्हाला आज येताना एक चालू बिल आणि एक जुनं बिल आणायला सांगितलं होतं. काढा बाहेर. पाटी-पेन्सिलही घ्या. रुपयांच्या आकड्यावर बोट ठेवा, तो झाकून टाका. आता मागील रीडिंग शोधा. सापडलं? आजी, तुमचं बिल उलटं धरलंय, फिरवा. हां. त्याच्या शेजारी चालू रीडिंग. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करा. पहिलं उत्तर कोण सांगतंय?