प्रवेशपरीक्षांची पूर्वतयारी आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. अशा प्रसंगी उपदेशाचे चार शब्द बोलावेत अशी प्रथा आहे. आम्ही मात्र उपयोगाचे चार शब्द बोलणार आहोत. दहावीच्या निकालाचे पेढे वाटून होतात न होतात तोच घरोघरी प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजारी देतो, दूरचा नातलग देतो किंवा चौकातील एखाद्या शिकवणीवर्गाचा फलक देतो. ज्या निर्णयावर मुलाची चार-पाच वर्षे आणि घराची सारी शिल्लक अवलंबून असते, तो आठ दिवसांत उरकला जातो. हा निर्णय नववी-दहावीतच, शांतपणे, मुलासह सर्वांनी मिळून घ्यावा, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रवेशपरीक्षा ही काही नवी आपत्ती नव्हे. आपले वाडवडील ज्या मॅट्रिकचा धाक सांगत, ती मूळची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. पुढे शालान्त परीक्षांचे गुण हाच महाविद्यालयीन प्रवेशाचा आधार झाला. परंतु परीक्षा मंडळे अनेक आणि त्यांची मोजमापे भिन्न, म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्या परीक्षा पुन्हा आल्या. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘नीट’ हीच परीक्षा बंधनकारक झाली.

आपल्या मुलांपुढे मुख्यतः तीन परीक्षा असतात, आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. राज्याची सीईटी अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी या शाखांसाठी असते. तीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. मात्र भौतिक व रसायन यांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीस एक गुण वजा. तेव्हा बरोबर व चूक यांतील अंतर पाच गुणांचे ठरते. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात. प्रश्न थोडे, पण विचार खोल. तिच्यातील पहिल्या अडीच लाख विद्यार्थ्यांनाच आयआयटीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ परीक्षेस बसता येते. एकाच घोड्यावर बसून तिन्ही शर्यती जिंकू असे मानणे बरे नव्हे. मुख्य परीक्षा कोणती आणि जोडीची कोणती, हे आधी ठरवावे.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. सीईटी व जेईई मेन यांच्या निकालात ‘पर्सेंटाइल’ असतो, तो शेकडा गुण नव्हे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतील नव्वद परीक्षार्थी आपल्या बरोबरीस वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे न समजल्याने कित्येक घरांत अकारण हर्ष किंवा अकारण विषाद होतो.

आता वर्षांची आखणी. नववी-दहावीत गणित व विज्ञान यांचा पाया पक्का करावा, वाचनाची सवय लावावी, आणि कोणत्या व्यवसायात आपले मन रमेल हे मुलाने त्या व्यवसायातील दोन-तीन माणसांना भेटून पाहावे. अकरावीस विषय निवडताना सावध राहावे. गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुतांशी बंद होते आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकाची. मन ठरत नसेल तर दोन्ही विषय ठेवण्याचा भार पेलेल काय, याचा विचार करावा. अकरावी हे विसाव्याचे वर्ष अशी समजूत फार घातक आहे. सीईटीत अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के असला, तरी नीट व जेईईमध्ये अकरावीचा अभ्यासक्रम बारावीच्या बरोबरीने येतो. बारावीचा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत बराचसा हातावेगळा व्हावा. कारण पुढे जानेवारीत जेईईचे पहिले सत्र, फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, आणि एप्रिल-मेमध्ये सीईटी व नीट अशी रांग लागते.

सरावपरीक्षा पुष्कळ द्याव्यात, पण प्रत्येकीनंतर चुकांची वही ठेवावी. चूक तीन प्रकारची असते : विषय आला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ पुरला नाही. पहिलीवर उपाय अभ्यास, दुसरीवर सावधपणा आणि तिसरीवर घड्याळ लावून सराव. बारावीच्या गुणांकडेही पाठ फिरवून चालणार नाही. एनआयटीच्या प्रवेशास आपल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यासही बारावीत ७५ टक्के गुण, किंवा मंडळातील पहिल्या २० टक्क्यांत स्थान लागते.

शिकवणीवर्गांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. चांगल्या शिक्षकाचे साहाय्य घेण्यात गैर काहीच नाही. लातूरने नाव मिळवले ते नियमित अध्यापन आणि वारंवार परीक्षा यांच्या बळावर. पण आठवीपासून मुलास वर्गात कोंडणे, जमीन गहाण ठेवून शुल्क भरणे, आणि महाविद्यालयात केवळ नाव ठेवून प्रयोगशाळेचे तोंडही न पाहणे, यास नियोजन म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सोळा वर्षांखालील मुलांस अशा वर्गांत घेऊ नये असे म्हटले आहे. शुल्क भरण्यापूर्वी परताव्याची अट लेखी घ्यावी. इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांसाठी २०१९ साली स्थापन झालेली ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था या परीक्षांचे विनामूल्य प्रशिक्षण देते. तिच्या जाहिरातींवर दहावीच्या निकालापासूनच लक्ष ठेवावे.

याहूनही महत्त्वाचा विषय कागदपत्रांचा. आपली ज्ञाती इतर मागासवर्गात मोडते. उत्तम गुण मिळूनही एका कागदावाचून हक्काची जागा जावी, याहून कष्टदायक काय असेल? जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचे अर्थात ‘नॉन-क्रिमीलेयर’ प्रमाणपत्र आणि अधिवास दाखला, ही चार कागदे प्रत्येक घरात हवीत. वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्ममृत्यूची जुनी नोंद गावी जाऊन काढावी लागते, आणि ते काम प्रवेशाच्या धांदलीत होत नाही. वडिलांकडील रक्ताच्या नातलगास वैधता मिळालेली असल्यास ती मोठा आधार ठरते. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपते, ते वेळेवर नवे करावे. केंद्रीय परीक्षांसाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला लागतो. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. वैधतेचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

मुलींसंबंधी एक शब्द. मुलाच्या वर्गासाठी कर्ज काढणारे घर मुलीस मात्र “जवळचे महाविद्यालय बघ” असे सांगते, हे आपणांस शोभत नाही. २०२४ साली राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील, आपल्यासारख्या प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. प्रवेश मात्र शासकीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेला हवा. आता खर्चाची सबब फारशी उरलेली नाही.

शेवटी पालकांस विनंती. दुसरी वाट निकालानंतर नव्हे, परीक्षेपूर्वीच ठरवून ठेवा. वर्ष राखून पुन्हा बसावयाचे काय, बसल्यास किती वेळा, याचे उत्तरही आधीच द्या. ज्यास दुसरी वाट ठाऊक असते तो मुलगा परीक्षागृहात निर्भयपणे बसतो. घरात त्याच्या गुणांची भावंडांशी तुलना नको. त्याची झोप उडाली, बोलणे तुटले, जेवण सुटले, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी त्यास जवळ घ्या. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, तो घेण्यात कमीपणा नाही. परीक्षा पुन्हा येते. लेकरू पुन्हा येत नाही.

मंडळासही आमची एक सूचना आहे. दरवर्षी गुणगौरवाबरोबर कागदपत्रांचे एक शिबिर भरवावे, आणि ज्या घरांत वैधता मिळाली आहे त्यांनी इतरांस मार्ग दाखवावा. उत्तीर्ण झालेल्यांनी आपली पुस्तके व चुकांच्या वह्या मंडळाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. हार-तुऱ्यांइतकीच ही भेटही मोलाची ठरेल.