परसातील तण

परसातील भाजीचा खरा वैरी तण होय. भाजीच्या वाट्याचे पाणी, खत व ऊन ते हिरावून घेते. रोपे कोवळी असतात त्या पहिल्या महिन्यात हानी विशेष होते. म्हणून वाफसा असताना, तण फुलावर येण्यापूर्वीच, ते खुरप्याने मुळासकट काढावे. लव्हाळ्याची गोष्ट निराळी. वरची पाती कापून तो मरत नाही. जमिनीतील गाठींतून पुन्हा फुटतो. त्या गाठी खणून वेचाव्या व कडक उन्हात वाळवाव्या. खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. १९५५ च्या सुमारास पुण्यास दृष्टीस पडलेले गाजरगवत हातमोजे घालूनच उपटावे; त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीस पुरळ उठते. मग दोन ओळींमध्ये वाळला पालापाचोळा पसरावा. नित्य घटकाभर जो खुरपतो, त्याच्याच ताटात परसातील भाजी पडते.