ध्वनीने ध्वनीचे शमन

मोठ्या पंख्याची घरघर भिंतीपलीकडेही ऐकू येते. बोलण्याचा आवाज मात्र तीच भिंत अडविते. असे का व्हावे? कलबुर्गी जिल्ह्यात वाडी व सेडम भागांत सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तेथे भट्ट्यांना हवा पुरविणारे प्रचंड पंखे अहोरात्र फिरतात. अशा यंत्रांचा नाद पुष्कळदा खर्जातला असतो. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या ध्वनीची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. ती शोषण्यास मऊ आवरण पाऊण मीटरहून अधिक जाड लागते. पातळ पत्र्याची तर तिला अडचणच नाही.

यावर एक चमत्कारिक वाटणारा उपाय आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. जेथे चढ, तेथे उतार, अशी उलटी लहर सोडली, की दोन्हींची वजाबाकी होते. पॉल लुएग या जर्मन संशोधकास या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले. मायक्रोफोन नाद टिपतो, यंत्र त्याची उलट प्रत बनविते व कर्णा ती सोडतो. मात्र चपळ गणनयंत्रे येईतो ही कल्पना बहुतांशी कागदावरच राहिली. पुढे १९८९ साली वैमानिकांसाठी असे कर्णयंत्र बाजारात आले.

खर्जाची लहर लांब व संथ, म्हणून तिची बरोबरी साधणे सोपे. पण शांतता लाभते ती थोड्याच जागेत: मोकळ्या घरात लहरीच्या दहाव्या भागाएवढ्या, म्हणजे वरील नादासाठी सुमारे चौतीस सेंटिमीटर. पंख्याच्या नळीत मात्र लहर एकाच दिशेने जाते, म्हणून तेथे हा उपाय उत्तम लागू पडतो. बीदरच्या वायुदल तळावरून उडणाऱ्या जेट विमानांचा नाद मोकळ्या आकाशात याने शमणार नाही. वैमानिकाच्या कानाशी तो कमी होऊ शकेल.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण हे मापन मानवी कानाच्या संवेदनेनुसार खर्जाला सूट देते. शंभर कंपनांचा ७४ डेसिबलचा नाद त्या मापात ५५च भरतो. म्हणून मापकाचा काटा मर्यादेत असला, तरी गावकऱ्याची झोपेची तक्रार खोटी ठरत नाही. प्रथम खर्जाचे स्वतंत्र मापन व्हावे, मग पंख्याचा तोल सुधारावा, आणि त्यानंतर नळीत उलटी लहर सोडावी. हाच क्रम शहाणपणाचा होय.