तीन नोटिसा आणि एक चेतक

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन तपशील छापताना घातले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षे'. त्यासाठी अहवाल आहे, तो चांगला झालाय, सगळ्यांनी वाचावा. मी बोलणार आहे एका स्कूटरबद्दल. बी विंगच्या जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी पंधरा वर्षं उभी होती ती चेतक. नव्या सभासदांनी ती चालतानाच पाहिली असेल. जुन्यांना मात्र धुळीने माखलेली, पंक्चर झालेली, जिच्या खाली मांजर व्यायची ती गाडी आठवत असेल.

गाडी ज्यांची, त्या वहिनींची परवानगी घेऊनच बोलतोय. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत. कुठे चुकलो तर तिथूनच सांगतील.

मी २०१९ साली सेक्रेटरी झालो. फ्लॅट ४८ आणि दुचाक्या नव्वदच्या वर, त्यामुळे रोज सकाळी पार्किंगमध्ये वादावादी. निवृत्त माणसाला अधिकार मिळाला की तो पहिल्यांदा नोटीस काढतो. मीही काढली. बेवारस सायकली आणि एक लूना ठराव करून हलवल्या. चेतक बेवारस नव्हती, मालक माहीत होते, म्हणून स्वतंत्र नोटीस दिली. उत्तर नाही. २०२१ च्या जूनमध्ये दुसरी. भाषा माझीच, चौतीस वर्षं थकबाकीदारांना पत्रं लिहून हात बसलेला : "सदर वाहन सात दिवसांचे आत न हलविल्यास दरमहा रु. १०० दंड आकारण्यात येईल, याची नोंद घ्यावी." तिसरी २०२२ च्या नोव्हेंबरात, लाल रेघ मारून. तिघींनाही उत्तर नाही. दंड मात्र मेंटेनन्सबरोबर दर महिन्याला न चुकता जमा होत होता. मी खातं बघायचो आणि मनात म्हणायचो, शंभर रुपये भरतील पण जागा सोडणार नाहीत. काय हा हट्ट!

जानेवारी २०२३ मध्ये भंगारवाल्याचा भाव आणि छापील संमतिपत्र घेऊन मी वर गेलो. नुसती सही पाहिजे होती.

वहिनींनी चहा ठेवला. मग कपाटातून एक कापडी पिशवी आणली आणि त्यातून स्कूटरचं जुनं आर.सी. बुक काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बँकेत होता ना, हे काय लिहिलंय ते वाचा."

गाडी १९७९ ची. तेव्हा चेतक म्हणजे काय चीज होती हे आज सांगून पटत नाही. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओशी बजाजचा करार १९७१ ला संपला आणि १९७२ पासून चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. कारखाना आपल्या आकुर्डीत, इथून हाकेच्या अंतरावर, आणि इथल्याच माणसाला गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. माझा नातू चेतक म्हणजे ती २०२० ला आलेली बॅटरीवरची गाडी समजतो. ऑनलाइन बुक केली की घरी येते. असो.

वहिनींच्या मिस्टरांनी ती बँकेच्या कर्जावर घेतली होती. आर.सी. बुकात बँकेच्या बोजाची नोंद. कर्ज १९८४ मध्ये फिटलं, नोंद तशीच राहिली. २००८ मध्ये ते गेले. वर्षभराने वहिनी गाडी विकायला निघाल्या तर आरटीओत सांगितलं, आधी बोजा उतरवा, बँकेचं पत्र आणा. बँकेत सांगितलं, एवढं जुनं कर्ज सिस्टिममध्ये दिसत नाही, खाते क्रमांक आणा. तीन हेलपाटे झाले. चौथ्यांदा गेल्या नाहीत.

"मग भंगारात का नाही दिलीत?" मी विचारलं.

"कागदाशिवाय नेतो म्हणाला तो. आणि उद्या कुणी ती घेऊन काही केलं, तर नाव ह्यांचंच निघणार ना? म्हणून आपली दारात बरी. दंड तर दंड."

मंडळी, मी फील्ड ऑफिसर असताना शेकडो वाहनकर्जं बंद केली. कर्ज फिटलं की पत्र द्यायचं, "आरटीओत जाऊन नोंद काढून घ्या" म्हणायचं, आणि पुढचा टोकन नंबर. त्यातल्या किती जणांनी नोंद काढली हे मी कधी विचारलं नाही. विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं. आणि तीन नोटिसा काढताना, जिना चढून एकदा विचारावं हेही मला सुचलं नव्हतं.

संमतिपत्र घडी करून खिशात घातलं. म्हणालो, "मी घेतो गाडी." का म्हणालो कोण जाणे. माझी स्वतःची चेतक मी १९९८ ला मुलीच्या फीसाठी विकली होती, ते एक कारण असेल. वहिनी म्हणाल्या, फुकट न्या. ते मला जमणार नव्हतं. अडीच हजार ठरले, चेकने. आमच्या हिने चेकबुकाचं अर्धं पान पाहिलं आणि म्हणाली, "सत्तरी उलटल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात."

मागच्या चाकाचे ब्रेक गंजून धरले होते, गाडी ढकलताच येईना. छोट्या हत्तीत घालून चिंचवड स्टेशनजवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. माणूस माझ्याच वयाचा. गॅरेज आता मुलगा बघतो, हे फक्त जुन्या स्कूटरींना हात लावतात. त्यांनी किकवर पाय ठेवला, किक हलेना. प्लग काढून आत डिझेल सोडलं आणि म्हणाले, "चार दिवसांनी या. घाई केली तर पिस्टन तुटंल."

चार दिवसांनीही हललं नाही. शेवटी सिलिंडरसकट बाहेर काढून लाकडाने ठोकत पिस्टन सोडवावा लागला. रिंगा पिस्टनमध्येच चिकटलेल्या. सिलिंडर बोअर करून एक साइज मोठा पिस्टन घातला. मला वाटलं, झालं. मिस्त्री म्हणाले, आता खरं काम. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं कडक होऊन लाकडासारखी झाली होती. ह्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. सील गेलं की तिथूनच बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि जाम होतं. मिस्त्रींच्या भाषेत, "साहेब, ही पोटातनं श्वास घेते. पोटाला भोक पडलं की हिला ताप येतो." बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात इतकं सोपं मला कुणी शिकवलं नाही.

सामान मी नाना पेठेतून आणायचो. क्लचच्या प्लेटी, दोन्ही गिअर केबली, कार्बोरेटरची किट. पॅनेलच्या क्लिपा जुन्या बाजारात मिळाल्या, रविवारी, दहा रुपयांना दोन. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. टाकी गंजलेली, त्यात रॉकेल आणि मूठभर नट घालून मी गच्चीवर बसून हलवत होतो. आवाजाची तक्रार आली होती, रजिस्टरात आहे. सायलेन्सर तर चक्क जाळावा लागला, आतला काजळीचा थर जाळल्याशिवाय निघत नाही.

पत्र्याचं दुखणं मोठं निघालं. चेतकला वेगळी चॅसी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा कणा. पाय ठेवायच्या फ्लोअरवरची मॅट उचलली तर खाली हाताची बोटं जातील एवढी भोकं. पंधरा वर्षं पाण्याच्या मीटरची गळती बरोबर तिथे ठिबकत होती. गळती आपल्या सोसायटीची. त्याबद्दल २०१४ साली बी विंगमधून आलेला अर्ज आमच्या फाइलमध्ये आहे, त्यावर 'पाहिले' असा शेरा आहे. सही आहे, कुणाची ते सांगत नाही, ते आज स्टेजवर आहेत. (हशा.)

रंग कुठला होता हे दोन थरांखाली कळत नव्हतं. हेडलाइट उघडल्यावर आतल्या बाजूला मूळ आकाशी रंग तसाच दिसला. त्यावरून पेंटरने जुळवला. खर्चाची वही ठेवली आहे : इंजिन ११,२००, पत्रा आणि रंग ९,५००, टायर-ट्यूब ३,३००, बाकी किरकोळ धरून एकूण ३१,६४०. एवढ्यात सेकंडहँड बरी गाडी आली असती, हे मुलाने मला तीनदा सांगितलं. त्याचं गणित बरोबर आहे.

मे महिन्याच्या एका संध्याकाळी सगळं जोडून झालं. किक मारतोय, मारतोय, नुसतं फुस्स. गाडी आडवी करून पाहिली, जुन्या लोकांना माहीत आहे ते. तरी नाही. मिस्त्रींनी पुन्हा मॅग्नेट उघडला. म्हणाले, पॉइंटचा गॅप. मला विचारलं, "एखादं जाड कार्ड आहे का?" पाकिटात माझं बँकेचं जुनं व्हिजिटिंग कार्ड होतं. ते पॉइंटमध्ये घालून त्यांनी स्क्रू आवळला, कार्ड ओढून काढलं, परत दिलं. तिसऱ्या किकला गाडी पेटली. पांढऱ्या धुराने गल्ली भरली. शेजारच्या वडापाववाल्याने शिव्या दिल्या. मी दिवाणजीसारखा टोपी काढून उभा.

इंजिन पाच महिन्यांत झालं. कागदांना अकरा लागले.

बँकेच्या त्याच शाखेत गेलो. आता नावही बदललंय, विलीनीकरण झालं. काउंटरवर एक तरुण मॅडम, नम्र. "सर, सिस्टिममध्ये नाही." ते बरोबरच होतं. संगणकीकरण झालं तेव्हा चालू खातीच पुढे आणली, १९८४ ची बंद लेजरं कुठल्या गोडाऊनात, देव जाणे. मी सांगितलं, मी बँकेतलाच. त्या म्हणाल्या, "हो सर, पण नियम." हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय! दुसऱ्यांदा गेलो, साहेब रजेवर. परत येताना रिक्षात मला पहिल्यांदा कळलं की चौथ्यांदा का जाववत नाही.

मग वहिनींच्या त्या पिशवीचा तळ आम्ही दोघांनी बसून धुंडाळला. विजेची बिलं, मुलांच्या शाळेच्या पावत्या, आणि त्यात १९८४ ची शेवटच्या हप्त्याची पावती, खातं बंद केल्याचा शिक्का मारलेली, खाली खाते क्रमांक. १४ वर्षं हा कागद घरात होता. पावती असेल तर ती आणि स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेऊन बँक पत्र देऊ शकते, एवढं एक वाक्य २००९ मध्ये कुणी बोललं असतं, तर गाडी तेव्हाच गेली असती. तिसऱ्या खेपेला साहेबांनी पावती पाहिली, आठ दिवसांत पत्र आणि सहीचे फॉर्म ३५ हातात दिले. त्यांचेही आभार मानले पाहिजेत.

आरटीओचं थोडक्यात सांगतो. जुनं पुस्तक ऑनलाइन नव्हतंच, आधी त्याची नोंद करवून घेतली. मग बोजा उतरवला. मालक मयत, म्हणून फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या म्हणजे वहिनींच्या नावावर. मग नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, उशिराचा दंड, पीयूसी, विमा. इन्स्पेक्टरांनी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडा उमटला, तेव्हा म्हणाले, "काका, विकणार का?"

यानंतरची पायरी फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे वहिनींकडून माझ्या नावावर. डिसेंबरात फॉर्म भरून वर गेलो. नवीन आर.सी. कार्ड त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. म्हणाल्या, "माझ्या नावावर घर नाही, गॅस नाही. ही पहिलीच वस्तू. थोडे दिवस राहू दे का?"

दंडाचंही सांगतो. अठरा महिन्यांचे अठराशे. परत करायचा ठराव मी मांडला, एका सभासदाने हरकत घेतली की मग इतरांचेही दंड परत करा. हरकत नियमाला धरून होती. ठराव बारगळला. माझी दिलगिरी तेवढी मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावली, ती आहे.

तेव्हा आजची स्थिती अशी : गाडीचे पैसे मी दिले, दुरुस्ती मी केली, पेट्रोल-ऑइल मी घालतो, मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे लिटरला चाळीस मिली. विम्याचा हप्ताही मीच भरतो. आणि मालक वहिनी. फॉर्म २९ आणि ३० माझ्या टेबलाच्या खणात आहेत, त्यांची सही झालेली, तारीख घातलेली नाही. माझ्या शाखेत असं प्रकरण आलं असतं तर मीच लाल शाईने शेरा मारला असता.

रविवारी सकाळी आठला मी ती काढतो, खंडोबाच्या माळापर्यंत जाऊन येतो. कधी आमची ही मागे बसते, कधी वहिनी. हेल्मेट दोघींना सक्तीचं. धुराबद्दल ए विंगच्या तळमजल्याची माफी मागतो, दोन मिनिटांत कमी होतो. कुणाला किक मारून पाहायची असेल तर खाली या. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक ओढायचा. उलटं करू नका.