देखरेखीचा पडदा : निवड आणि मांडणी
(इंदूर येथे मराठी नागरिक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री आपल्या येथील सराफ्यात जाण्याचा योग आला. दिवसा जेथे सोन्याचांदीचे व्यवहार होतात, तेथेच रात्री भुट्ट्याच्या किसाचा सुवास दरवळत असतो. एका परिचित सराफांनी मोठ्या हौसेने मला आपल्या पेढीतील पडदा दाखविला. सोळा कॅमेऱ्यांची सोळा चित्रे एकाच २४ इंची पडद्यावर! प्रत्येक चित्र पोस्टकार्डाहूनही लहान. माणूस दिसत होता. तो कोण, हे मात्र कळत नव्हते.

हिशेब साधा आहे. प्रचलित पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. त्याचे सोळा भाग केले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४८० गुणिले २७० एवढेच बिंदू येतात. मग उत्तम कॅमेरा घेऊनही बसणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा लाभ नाही. यासाठी फाटक, गल्ला, तिजोरीची खोली अशी तीन-चार महत्त्वाची ठिकाणे मोठी दिसावीत व उरलेली आळीपाळीने यावीत. यंत्रातील ध्वनिमुद्रणाप्रमाणे चित्रमुद्रणही स्वतंत्रपणे चालू राहते. पडदा लहान केल्याने अथवा बंद ठेवल्याने ते थांबत नाही.

घरातील दूरचित्रवाणी संच स्वस्त पडतो म्हणून तोच लावण्याचा मोह होतो. परंतु असे बरेच संच दिवसातून काही तासांच्या वापरासाठीच बनविलेले असतात. अहोरात्र चालणारा पडदा हवा असल्यास तसा उल्लेख त्याच्या कागदपत्रांत पाहून घ्यावा. शिवाय पुष्कळ संच चित्र किंचित फुगवून दाखवितात व त्याच्या कडा कापल्या जातात. ही बाब क्षुल्लक वाटेल. मलाही वाटत असे.

माझ्या पाहण्यातील एका शाळेत असाच संच होता. कोपऱ्यातील तारीख व वेळ कापली गेल्याने यंत्राचे घड्याळ तासभर पुढे गेल्याचे कोणाच्याच ध्यानी आले नाही. पुढे सामानाच्या खोलीतून काही वस्तू नाहीशा झाल्या. चित्रण संगणकावर उतरवून पाहिले, तर शिपाई ५ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे शाळा सुटल्यानंतर, त्या खोलीत शिरताना दिसला. वीस वर्षे नोकरी झालेला तो गृहस्थ दोन दिवस मान खाली घालून वावरला. तिसऱ्या दिवशी एका शिक्षिकेने तेच चित्रण पुढे चालवून पाहिले. मुले सहा वाजता घरी निघालेली दिसत होती. शाळा तर पाचला सुटते! त्याची कोणी क्षमा मागितली की नाही, ते मला कळले नाही.

तेव्हा पडदा बसविताच संचातील मांडणी बदलून चारही कडा दिसतात ना, हे पाहावे आणि दर सोमवारी घड्याळ ताडून घ्यावे. पडद्यासमोर खिडकी नसावी, पाठीमागेही नसावी. उजेड बाजूने यावा. तो बसणाऱ्याच्या नजरेच्या पातळीत असावा, छताजवळ नव्हे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे त्याचे तोंड नसावे.

पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी जो आदेश दिला, त्यात ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली आहे. शाळेत व ग्रामपंचायतीतही असे एक नाव लेखी ठरवावे. आता आपल्यापैकी कोणाच्या शाळेत पडदा बसविला असेल, त्यांनी तो कोणत्या भिंतीवर आहे ते सांगावे; तेथूनच चर्चेला आरंभ करू.