डब्यातला शजरा



अंबरनाथला माझ्या चाचांच्या कपाटात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात हिरव्या फडक्यात गुंडाळलेला आमचा शजरा असतो. शजरा म्हणजे वंशवृक्ष. सगळ्यात वर एका अरब व्यापाऱ्याचं नाव, खाली फांद्या, शेवटच्या फांदीवर माझे अब्बा आणि चाचा. लहानपणी ईदला तो उघडला की आम्ही मुलं डोक्याला रुमाल बांधून बसायचो. मी आपलं नाव शोधायची. सापडायचं नाही. शजऱ्यात मुली लिहीत नाहीत, हे फार उशिरा कळलं. दादीचंही नाव नव्हतं. ती माझ्या जन्माआधीच गेली. तिला घरात सगळे ‘आई’च म्हणत, त्यामुळे नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

मी बी.ए. उल्हासनगरला केलं. वर्गात निम्म्या मुली सिंधी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांच्या नाती. त्या छावणीचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. माझी एक मैत्रीण आजोबांच्या अस्थी घेऊन घरच्यांबरोबर हरिद्वारला गेली, तर तिथल्या पंड्याने वही काढून तिच्या पणजोबांची सही दाखवली. सिंधमधलं घर गेलं, गाव गेलं, सही मात्र गंगेकाठी शाबूत! मला तिचा हेवा वाटला होता.

माझी वेळ आली ती २०२३च्या हिवाळ्यात. तेव्हा कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडत होती आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला होता. बदलापूरचे एक निवृत्त शिक्षक मोडी जाणतात. त्यांना म्हटलं, “सर, आमचंही बघाल का?” ते म्हणाले, “आधी कोतवाल बुकाची नक्कल आणा.” कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही.

दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडली. अब्बा याच वाटेने, पण उलटे आणि बोटीने आले होते. रत्नागिरीहून भाऊच्या धक्क्यावर, तिथून अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. नक्कल मिळायला दोन फेऱ्या झाल्या. बदलापूरला सरांनी भिंग लावून वाचलं. आजोबांचा जन्म, बापाचं नाव, आणि पुढे जात: दालदी.

दालदी म्हणजे आमच्या कोकणातले मुसलमान मासेमार. व्यापारी नव्हे, अरबही नव्हे.

अरब इथे आलेच नाहीत असं नाही. मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकात चौलला आला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात संजाणचा कारभारी मोहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब आहे. त्याला मधुमती म्हटलंय, आणि त्याच्याच संमतीने तिथल्या एका मठाला जमीन दिली गेली. तेव्हा शजऱ्याचं वरचं टोक खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण खालच्या टोकाला जाळी विणणारे हात होते, आणि ते कुणीतरी पुसले होते.

चाचांना सांगितलं. त्यांनी शजरा गुंडाळला आणि एवढंच म्हणाले, “हे कुठे छापू नकोस.” माझी मुलगी पटकन बोलली, “नाना, अरबाला इतरांवर मोठेपण नाही, हे तर आखरी खुतब्यातच सांगितलंय ना?” चाचा नमाजाला उठून गेले. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं सुनवायला नको होतं. मी तिला तेव्हा थांबवलं नाही, हेही खरं.

मी पुन्हा रत्नागिरीला गेले, राजिवड्यात. कबरस्तानात पाटी लावलेल्या कबरी थोड्या. दादीची कुठली, कोण सांगणार? मी सगळ्यांसाठी मिळून फातिहा पढला. बाहेर ओट्यावर एक म्हातारी जाळ्याचा फाटका भाग सांधत बसली होती. तिने विचारलं, “कोनाची गो तू?” मी आजोबांचं नाव सांगितलं. तिने सुई थांबवली आणि दादीचं नाव घेतलं. सहज, शेजारणीला हाक मारावी तसं. म्हणाली, “तिच्या हातची गाठ सुटत नसे.”

ते नाव मी आधी चाचांना फोनवर सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “त्या कोतवाल बुकाची एक झेरॉक्स माझ्यासाठीही काढ. शजऱ्यात नाही ठेवणार. डब्यात ठेवीन.”